कीबोर्ड रुसतो, बॅग तापते: विकू की ठेवू?

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी मी सुटा होणारा कीबोर्ड असलेला 13 इंची विंडोज 11 टॅबलेट घेतला. मागे स्टँड आहे, सोबत पेन आहे. काम प्रूफं तपासण्याचं आणि अधूनमधून मोठे अहवाल टाइप करण्याचं. आता कीबोर्ड जोडला तरी कधीकधी एकही अक्षर उमटत नाही. काढून पुन्हा लावला की चालतो, पण गेल्या पंधरवड्यात हे दोन-दोन, तीन-तीनदा करावं लागतंय. रात्री 70 टक्के बॅटरी असताना झाकून बॅगेत ठेवला, तर सकाळी बॅग गरम आणि बॅटरी 10 टक्के. मांडीवर घेऊन टाइप करायला बसले की मागे कलंडतो. कीबोर्ड लावलेला असताना स्क्रीनही उभी फिरत नाही. घरचे म्हणतात, विकून टाक आणि साधा लॅपटॉप घे. प्रूफं पेननं तपासायची सवय झालीय, एवढंच अडतंय. काय करू?

उत्तर: विकायचं की ठेवायचं ते शेवटी बघू, कारण तुमच्या तक्रारी एका जातीच्या नाहीत. कीबोर्डचा बहुधा खरा बिघाड आहे. बॅग तापते ती सेटिंगमुळे. मांडीवर कलंडणं यंत्राच्या बांधणीतच आहे, ते कुणी दुरुस्त करून देणार नाही. आणि स्क्रीन न फिरणं ही तक्रारच नव्हे.

मुळात हा आधी टॅबलेट आहे, मग लॅपटॉप. प्रोसेसर, मेमरी, स्टोरेज, बॅटरी असा सगळा संसार काचेच्या मागे. कीबोर्ड म्हणजे कळा, टचपॅड आणि आतून गेलेली एक पातळ पट्टीसारखी केबल. साध्या लॅपटॉपमध्ये कीबोर्ड आतल्या आत कायमचा जोडलेला असतो. इथं तो पाहुण्यासारखा येतो-जातो आणि दर वेळी टॅबलेटला आपली ओळख नव्यानं पटवून देतो. ही ओळख पटते ती कडेला असलेल्या पाच-सहा पिनांमधून. वीजही त्यातूनच जाते. लोहचुंबक फक्त पकडून ठेवायचं काम करतात. म्हणून कीबोर्ड 'टक्' आवाज करून घट्ट बसला तरी तो जोडला गेलाच असं नाही.

तेव्हा आधी पिना. टॅबलेट बंद करा, कीबोर्ड काढा आणि खिडकीजवळ तिरप्या उजेडात दोन्ही कडा बघा. फोनचा कॅमेरा झूम करून पाहिलंत तर आणखी बरं. एका बाजूला स्प्रिंगवर बसलेल्या बारीक गोल डोक्याच्या पिना दिसतील, दुसऱ्या बाजूला सपाट सोनेरी टिकल्या. सगळ्या पिना एका उंचीवर आहेत ना, हे बघायचं. एखादी जरी इतरांपेक्षा खाली रुतलेली दिसली तर चोर सापडला. लाकडी टूथपिकच्या बोथट टोकानं ती हलकेच चार-पाच वेळा दाबून सोडा. आत अडकलेला धुळीचा कण निघाला की स्प्रिंग मोकळी होते. सुईनं उचकटून वर काढायचा मोह आवरा, पिन वाकली की मग टॅबलेटच दुरुस्तीला द्यावा लागतो.

रुतलेली पिन नसेल तर मळ असेल. हाताचा घाम आणि तेलकटपणा, त्यावर कापडाचे तंतू, असा एक जवळजवळ न दिसणारा थर टिकल्यांवर बसतो. आधी कोरडा मऊ ब्रश फिरवा. मग 90 टक्के किंवा त्याहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापसाची काडी ओलसर करा (थेंब गळता कामा नये) आणि टिकल्या एकाच दिशेनं पुसा. दहा मिनिटं वाळू द्या, मगच जोडा. हातावर चोळायचं सॅनिटायझर इथं चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर मागे उरतो. पेन्सिलचा खोडरबर, काचकागद यांचे सल्ले ऐकू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो घासला गेला की खालचा धातू गंजायला लागतो आणि आज अधूनमधून होणारा त्रास रोजचा होतो.

एवढं करून टॅबलेट चालू करा आणि लगेच 'रीस्टार्ट' द्या. 'शट डाउन' करून पुन्हा सुरू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना ती आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे अडलेला ड्रायव्हर (कीबोर्डची विंडोजशी बोलणी करून देणारा छोटा प्रोग्राम) अडलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये पाटी कोरी होते. त्यानंही भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'कीबोर्ड्स'खाली या कव्हर-कीबोर्डची नोंद असेल ती अनइन्स्टॉल करा आणि कीबोर्ड काढून, रीस्टार्ट करून, पुन्हा जोडा. विंडोज अपडेटमधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या अंगातच बसवलेलं सॉफ्टवेअर, थांबून राहिलंय का तेही बघून घ्या. झोपेतून उठल्यावर कीबोर्ड न ओळखण्याचे दोष कंपन्या बरेचदा फर्मवेअरमध्येच सुधारतात.

यानंतरही त्रास राहिला तर तो सॉफ्टवेअरचा की जोडणीचा, हे ठरवणारी एक चांगली चाचणी आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी, मग 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप'समोर 'रीस्टार्ट नाऊ'. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. या पडद्यावर विंडोज अजून सुरूच झालेली नसते. तिथं काहीही न बदलता फक्त बाणाच्या आणि टॅबच्या कळा दाबून बघा. कीबोर्ड काढा, लावा, पुन्हा दाबा, असं दहा वेळा करा. इथंही तो अधूनमधून दगा देत असेल तर विंडोज निर्दोष आहे, दोष पिनांचा किंवा कीबोर्डच्या केबलचा. इथं दहाच्या दहा वेळा नीट चालला आणि विंडोजमध्येच रुसत असेल, तर ड्रायव्हरकडे परत जा.

केबलचा दोष वेगळा ओळखू येतो. कीबोर्ड आणि टॅबलेट यांच्या मधली कापडी घडी रोज कित्येकदा दुमडते आणि तिच्या आतून ती पट्टीसारखी केबल जाते. कीबोर्ड सपाट ठेवल्यावर चालतो, पुढची कड चुंबकानं वर उचलली की बंद पडतो, किंवा ठरावीक कळांचा एक गटच मेला असेल, तर घडीतली केबल तुटत आलीय असं समजा. ही दुरुस्ती होत नाही म्हटलं तरी चालेल, कीबोर्ड बदलावा लागतो. त्याच मॉडेलचा दुसरा कीबोर्ड कुणाकडून पाच मिनिटांसाठी मिळाला तर उत्तमच. तो नीट चालला तर तुमचा कीबोर्ड खराब. तोही अडखळला तर खराबी टॅबलेटच्या बाजूला. दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड आणून उपयोग नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचे कीबोर्डही एकमेकांना जुळतीलच असं नाही.

आता बॅगेचं. थोडा हिशेब करू. या आकाराच्या टॅबलेटची बॅटरी साधारण 45 ते 50 वॉट-तासांची असते. 70 वरून 10 म्हणजे 60 टक्के, म्हणजे 27 ते 30 वॉट-तास. रात्र आठ तासांची धरली तर सरासरी साडेतीन वॉट. एवढी वीज झोपलेला टॅबलेट खात नाही. एखादा लेख उघडून शांतपणे वाचत बसावं इतका हा खर्च आहे. तुमचा टॅबलेट बॅगेत झोपलाच नव्हता.

कारण असं की हल्लीच्या बहुतेक टॅबलेटमध्ये 'स्लीप' म्हणजे फोनसारखी डुलकी असते. स्क्रीन बंद, पण आत मेल तपासणं, अपडेट उतरवणं चालू राहू शकतं. त्यात कव्हरची भानगड. कव्हर मिटल्याचं टॅबलेटला कळतं ते कव्हरमधल्या चुंबकावरून. बॅगेत पुस्तकांच्या दाबानं कव्हर बोटभर सरकलं की चुंबक जागेवरून हलतो, टॅबलेटला वाटतं मालकीणबाईंनी उघडलं, आणि तो जागा होतो. पॉवरचं बटणही कडेलाच, तेही दाबलं जातं. हवा बाहेर सोडायच्या फटी अस्तरानं झाकलेल्या, म्हणून उष्णता आतच कोंडते.

उपाय म्हणजे बॅगेत ठेवताना स्लीप नको, हायबरनेट करा. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून ठेवून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होतं. उठायला दहा-वीस सेकंद लागतात, पण उघडलेल्या फायली जशाच्या तशा परत येतात. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे 'पॉवर बटणानं काय करावं' अशा अर्थाचा दुवा आहे, तिथं पॉवर बटणासाठी 'हायबरनेट' निवडा. बॅटरी आणि चार्जर असे दोन रकाने असतात, निदान बॅटरीचा तरी बदलाच. स्टार्ट मेन्यूतल्या पॉवरच्या यादीतही हायबरनेट हवं असेल तर त्याच पानावर वर 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' असा दुवा आहे, त्यावर दाबलं की खाली हायबरनेटची चौकट टिक करता येते. मग सवय एवढीच लावायची की घरातल्या घरात कव्हर मिटा, बाहेर पडताना मात्र बटण दाबा आणि स्क्रीन काळी होऊन अर्धा मिनिट झाल्यावर बॅगेत टाका.

तापलेल्या रात्रींनी बॅटरीचं किती नुकसान झालं तेही एकदा पाहून घ्या. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजीत 'पॉवर' आणि 'सीएफजी' सलग लिहा, मोकळी जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' हेही सलग. एंटर दाबलं की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठं साठवला ते तिथंच दिसतं. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शोधा. पहिला 48,000 आणि दुसरा 44,000 असेल तर सुमारे 92 टक्के क्षमता शिल्लक आहे, सात महिन्यांत एवढं चालायचंच. दुसरा आकडा 36,000 च्या आसपास असेल तर 75 टक्के झाले, आणि हे सेवा केंद्राला दाखवण्यासारखं आहे. दिवसभर टेबलावर चार्जरला लावून काम करत असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा यूईएफआयमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, असेल तर चालू करा. या जातीच्या यंत्रात प्रोसेसर आणि बॅटरी एकाच पाठीमागे दाटीवाटीनं बसलेले असतात, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता या दोन्हींचा मारा तिच्यावर एकदम होतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. स्क्रीनची कड किंचित वर आलेली दिसली, कडेनं उजेड झिरपू लागला, किंवा स्टँड पूर्वीसारखा पाठीला चिकटून मिटेना, तर बॅटरी फुगतेय. तेव्हा चार्जिंग बंद, यंत्र बंद, कड दाबून बसवायची नाही, आणि तडक सेवा केंद्र. तिथं प्रयोग नकोत.

स्क्रीन फिरण्याचं दोन वाक्यांत सांगण्यासारखं आहे. कीबोर्ड जोडलेला असला की विंडोज स्क्रीन आडवी धरून ठेवते आणि 'रोटेशन लॉक'चं बटणही पुसट करते, कारण उभ्या स्क्रीनला कीबोर्ड जोडलेला असणं तिला संभवतच नाही. कीबोर्ड काढा, फिरेल. काढूनही फिरली नाही तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रोटेशन लॉक चालू राहिलंय का तेवढं बघा. याच्याच जोडीचा एक घोळ पुढेमागे तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून सांगून ठेवतो: कीबोर्ड काढल्यावर स्क्रीनवरचा कीबोर्ड वर यायला हवा, तो कधीकधी येत नाही. बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर यूएसबीत लावलेला असेल तर तो काढून बघा. बरेच रिसीव्हर माउसबरोबर स्वतःची कीबोर्ड म्हणूनही नोंद करतात, आणि विंडोजला वाटतं कीबोर्ड आहेच. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'खाली 'टायपिंग', तिथं टच कीबोर्ड 'नेहमी' दाखवायचा पर्याय निवडलात की हा प्रश्न मिटतो.

मांडीचा प्रश्न मिटत नाही. लॅपटॉपचं वजन खाली, तळात असतं. तुमच्या यंत्रात वरचा टॅबलेट आठशे-नऊशे ग्रॅम आणि खालचा कीबोर्ड जेमतेम तीनशे. शिवाय कीबोर्ड बावीसेक सेंटिमीटर आणि त्यामागे स्टँडचा पाय आणखी दहाएक, म्हणजे तीस-बत्तीस सेंटिमीटर सपाट जागा हवी. मांडी तेवढी लांब असली तरी सपाट नसते, आणि स्टँडची बारीक कड गुडघ्याकडे घसरत जाते. 2012 साली मायक्रोसॉफ्टचा याच जातीचा पहिला सरफेस टॅबलेट आला तेव्हा स्टँड एकाच कोनात उघडायचा. 2014 च्या सरफेस प्रो 3 पासून तो हवा तिथं थांबू लागला आणि मांडीवरचं काम जरा सुसह्य झालं. पण वजनाची विभागणी तीच राहिली. 2015 च्या सरफेस बुकमध्ये तळातच दुसरी बॅटरी घालून तोल साधला होता, मात्र मग एकूण वजनही लॅपटॉपइतकंच झालं. दोन्ही सुखं एका यंत्रात बसत नाहीत, हे त्यावरून कळतं.

त्यातल्या त्यात करता येईल ते असं: 45 बाय 35 सेंटिमीटरची हलकी, कडक फळी घ्या आणि वर रबरी जाळी अंथरा. ए-3 आकाराची फळी घेऊ नका, ती 29.7 सेंटिमीटरच खोल असते आणि स्टँडचा पाय नेमका तिच्या काठावरून उतरतो. स्टँड जरा जास्त उघडा, स्क्रीन मागे रेलेल पण पाया रुंद होईल. तासभर टायपिंग यावर निभतं. रोज चार तास मांडीवर टाइप करायचं असेल तर मात्र घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे.

तुमचं काम तसं दिसत नाही. पेनची सवय तुम्ही 'एवढंच अडतंय' म्हणून शेवटी लिहिलीत, आमच्या मते खरा कौल तिथंच आहे. तुमची स्क्रीन 3:2 प्रमाणाची असेल तर ती सुमारे 27.5 बाय 18.3 सेंटिमीटर भरते. उभी धरली की ए-4 पान मूळ आकाराच्या 87 टक्के दिसतं, म्हणजे काना-मात्रा मोठं न करता वाचता येतात आणि समासात खूण करायलाही जागा उरते. 16:9 ची असेल तर हेच 77 टक्क्यांवर येतं. मागे पूर्ण वळणारा लॅपटॉप घेऊनही पेन चालतं, पण सव्वा-दीड किलो एका हातात धरून प्रूफं वाचून बघा, मनगट दहा मिनिटांत सांगेल. आणि तुमचं आत्ताचं पेन नव्या यंत्रावर चालेलच असंही नाही, पेनांच्या तीन-चार पद्धती आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

म्हणून आमचं मत, ठेवा. मोठ्या अहवालांसाठी टेबलावर वेगळा पूर्ण आकाराचा कीबोर्ड वापरा. मनगटांना आराम मिळेल आणि त्या कापडी घडीचं आयुष्यही वाढेल. वेगळा मॉनिटर जोडणार असाल तर आधी टॅबलेटच्या माहितीपत्रकात त्या यूएसबी-सी पोर्टवर 'डिस्प्लेपोर्ट' लिहिलंय का बघा. पोर्टचं तोंड सारखं असलं तरी प्रत्येक यूएसबी-सी चित्र पाठवत नाही. हबमधून (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून) चार्जिंग करणार असाल तर हब स्वतःसाठी दहा-पंधरा वॉट राखून ठेवतो. 45 वॉटचा चार्जर मग तीसच्या आसपास उरतो, आणि जड काम चालू असताना चार्जर लावूनही बॅटरी उतरताना दिसेल. हबसोबत 65 वॉटचा चार्जर घ्या.

यूईएफआयमधली दहा वेळांची चाचणी नापास झाली तर वॉरंटीत दावा करायला उशीर लावू नका. चाचणीचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण अधूनमधून होणारा दोष सेवा केंद्रात नेमका त्या दिवशी दिसत नाही. तक्रार टॅबलेट आणि कीबोर्ड दोन्हींची एकत्र नोंदवा, एकाचीच नोंदवली तर दुसऱ्यासाठी पुन्हा फेरा पडतो. आणि देण्यापूर्वी सगळ्या फायलींची प्रत बाहेर काढा. ही यंत्रं चिकटवून बंद केलेली असतात, त्यामुळे बरेचदा दुरुस्ती न होता अख्खा टॅबलेटच बदलून मिळतो आणि जुन्यातलं काहीही परत येत नाही. डिस्क बहुधा बिटलॉकरनं कुलूपबंद असेल. तिची 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉग-इन करून शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. हे यूईएफआयची चाचणी करायच्या आधीच करा, फर्मवेअर अपडेटनंतरही विंडोज कधीकधी तीच की मागते, आणि तेव्हा ती त्याच टॅबलेटमधल्या एखाद्या फाइलमध्ये असून भागत नाही.